गाडीतला निळा खोका

वलेनी, ९ नोव्हेंबर

प्रिय सिल्व्यू,

तुझ्या पत्राची वाट पाहून शेवटी मीच लिहायला बसले. तू बरा असशील. तोरिनोत अजून थंडी पडली नसेल, इथे हौदातलं पाणी दोनदा गोठलं. मी ठीक आहे. गुडघा दुखतो, त्यात नवीन काही नाही. कोबी खारवून झाला. या वर्षी एकच पिंप घातलं, खाणारं कोण आहे?

दवाखान्यात स्मरांदा नावाची नवीन नर्स आलीय. जुन्या छोट्या गाडीतून एकटी पाच गावं फिरते. परवा मला म्हणाली, "वेतुरियामावशी, हिवाळ्यासाठी गाडीत काय काय ठेवू? सगळे म्हणतात, तुम्हांला विचार." बोलून गेली आणि तिचा चेहराच पडला. लोक तिला माझ्याकडे का पाठवतात, हे तिला तेव्हा आठवलं असणार.

मी म्हटलं, ये, भरू या तुझा खोका. दोन दिवस लागले. आखूड दांड्याचं फावडं, लोकरीचं पांघरूण, टॉर्च आणि जास्तीचे सेल, गाडी ओढायची दोरी, बॅटरीच्या वायरी, चाकाखाली टाकायला वाळू, जाड मेणबत्ती, डब्यात बंद केलेली काड्यापेटी, चॉकलेट. तू बाबांच्या गाडीतल्या निळ्या खोक्याच्या झाकणावर चिकटवलेला कागद मला तोंडपाठ आहे, तोच तिला म्हणून दाखवला. बर्फात अडकलीस तर आधी खाली उतर, मागची धुराची नळी मोकळी कर, मगच इंजिन चालू कर. बर्फ पडत राहिला तर पुन्हा पुन्हा उतर. नाहीतर धूर आत येतो आणि बसल्या जागी माणूस झोपून जातो.

"मावशी, किती माहिती आहे हो तुम्हांला!"

"माझ्या मुलाने शिकवलंय," मी म्हटलं.

ती गेली आणि मी हे पत्र लिहायला घेतलं.

जुलैत बाबांना जाऊन सहा महिने झाले, त्या प्रार्थनेला तू आला नाहीस. फोनवर म्हणालास, "मी सगळं भरून दिलं होतं, आई. त्यांनी हट्टाने काढून ठेवलं आणि हट्टापायीच मेले. आता मेणबत्त्या लावून काय होणार?" मी गप्प बसले. चर्चच्या अंगणात शेजारचा कोस्ताकेही तेच म्हणाला, "तोआदर कधी कुणाचं ऐकायचा?" तेव्हा तर मी मानही हलवली.

सिल्व्यू, तुझे बाबा हट्टाने गेले नाहीत. तो खोका मी रिकामा केला होता.

एकदम नाही रे. आधी चॉकलेटं संपली. मग रेडिओचे सेल गेले, तेव्हा टॉर्चमधले काढले. डिसेंबरात मेंढी व्याली, दोन कोकरं गारठून मरायला टेकली होती, त्यांच्यावर ते पांघरूण घातलं. फावडं मी खुराड्याची वाट साफ करायला नेलं आणि तिथेच टाकून आले. दर वेळी वाटायचं, उद्या परत ठेवीन.

जानेवारीत त्या दिवशी तू तिकडून पाठवलेलं पार्सल घेऊन मिनीबस शहरात यायची होती. ते आणायला निघताना बाबांनी डिकी उघडली.

"वेता, फावडं कुठाय गं?"

"असेल खुराड्यापाशी, बर्फाखाली. आता कुठे शोधत बसता? दोन तासांत तर परत याल."

ते हसले. "पोराला सांगू नकोस हं. दोघांनाही ओरडेल."

हेच त्यांचं शेवटचं बोलणं. पार्सल घेऊन परत येताना वाटेतच वादळाने गाठलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ काढणाऱ्या गाडीला ते सापडले.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. पोलिसाने त्यांच्या वस्तूंबरोबर तू पाठवलेल्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण मला दिलं होतं. पार वाकलेलं. हातमोज्यांची बोटं फाटलेली. ते खाली उतरले होते, सिल्व्यू. त्या झाकणाने नळीभोवतीचा बर्फ उकरत होते, किती वेळा उतरले ते देव जाणे. तुझा कागद त्यांनी वाचला होता. जसंच्या तसं सगळं केलं, फक्त हातात फावडं नव्हतं. ते झाकण मी चुलीत टाकलं. पत्रा जळत नाही, म्हणून मग परसात पुरलं.

खरं सांगितल्यावर मन हलकं होतं असं पाद्री म्हणतात. माझं झालेलं नाही, आणि होईल असंही वाटत नाही. बाबांवरचा राग तेवढा सोड. पार्सल पाठवलंस म्हणून स्वतःला खात असशील, तर तेही सोड. राग धरायला माणूस हवंच असेल तर मी आहे.

स्मरांदाही वसंतात निघून जाणार. दवाखाना बंद होतोय म्हणतात.

पास्काच्या सणाला येशील का, असं दर पत्रात विचारते. या पत्रात विचारत नाही. फोनही करू नकोस. तू काय बोलशील ते ऐकायची ताकद माझ्यात नाही, आणि तू काहीच बोलला नाहीस तर तेही मला सोसणार नाही.

अजून म्हणू देशील तर,
तुझी आई