अभिप्रायाच्या वहीतली गावं

८ एप्रिल, रविवार
सकाळपासून गडावर आलेल्या पाहुण्यांची सव्वीस ताटं झाली. पिठलं दोनदा लावलं. ठाण्याची मंडळी दुपारी राजगड उतरून जेवायला आली. त्यांची मुलगी आमच्या आरोहीएवढीच, साडेतीनची. काही केल्या खाईना. आरोहीनं आपल्या ताटलीतली अर्धी भाकरी तिच्यापुढं सरकवली, मग खाल्ली. निघताना तिची आई म्हणाली, "आता तुम्ही यायचं हं आमच्याकडे, ठाण्याला." गाडी वळणाआड गेली आणि आरोही विचारते, "आई, आपुन कवा जायाचं?" तिला खरंच वाटलं. मलाही थोडं वाटलं.

११ एप्रिल
आरोही तीन दिवस चपला पिशवीत घालून दारात बसते. आज हे म्हणाले, "जाऊ की मे मदी. भाताची रोपं टाकायच्या आदी. दोन-तीन दिस." सासूबाईंसमोर म्हणाले. म्हणून इथं लिहून ठेवते, उद्या शब्द फिरवायला नको.
लग्नाला सहा वर्षं झाली. नुसतं बघायला म्हणून कुठं गेलो नाही. शहरातली माणसं पोरं घेऊन आमच्या पाली गावाला येतात. आम्ही जायचं तर शहरालाच ना. दुसऱ्याचा डोंगर बघून काय करू?

१२ एप्रिल
सासूबाई (पुढं सा.बा. लिहीन, हात दुखतो) म्हणाल्या, "लांब कशापायी? पुनं हाय की."
पुणं नको. धाकटा शिवा जन्मला तेव्हा पुण्यात नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. मला पुण्यातला एक जिना, एक बाकडं आणि चहाची टपरी माहीत आहे. तिथं मी पोरांना काय दाखवू. सा.बा.नी शिवाला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "बरं, पुनं र्‍हाऊंदे."

१३ एप्रिल
फळीवरून अभिप्रायाची वही काढली. पाहुणे जाताना लिहून जातात ती. बहुतेक जणांनी लिहिलंय, "काकूंच्या हाताला चव आहे." काकू मीच. एकोणतीस वर्षांची. लिहिणाऱ्यांत काहींचे केस पांढरे होते.
"आमच्याकडे या" असं लिहिलेली पानं मोजली. चौदा. नाशिक, ठाणे, सोलापूर, परत ठाणे. खाली नंबरपण आहेत.
ह्यांना दाखवलं. म्हणाले, "लोकं आसंच म्हनत्यात गं. लॉजवर राहू."
मी म्हटलं, "आपण या म्हणतो तेव्हा असंच म्हणतो का?"
त्यावर हे उठले. म्हशीला पाणी पाजायला गेले.
लॉज नको मला. खरं काय ते इथं तरी लिहावं. मला कुणाच्या तरी घरी पाटावर बसायचंय आणि कुणीतरी ताट वाढून पुढं ठेवायला पाहिजे. माहेरी पासलीला गेले तरी वहिनी एकटी राबताना दिसते, मग मीच चुलीपुढं. पोरांचं निमित्त आहे. हाव माझी आहे.

१६ एप्रिल
नाशिकला फोन लावला. "राजगड? हां हां! बरं झालं फोन केलात. जूनमध्ये सहाजण येतोय, सगळे शाकाहारी." मी म्हटलं बरं, या. वहीत बुकिंग लिहून घेतलं आणि फोन ठेवला.
हे इतके हसले की शिवापण हसायला लागला, काही न कळता. मग मीपण हसले.

१८ एप्रिल
ठाण्याला फोन. तिनं लगेच ओळखलं. "अगं आरोही कशी आहे?" लेकीला फोनवर बोलायला लावलं. मग मी सांगितलं, मे मध्ये यायचं म्हणतोय. तर म्हणाली, घर लहान, सासू-सासरे आलेत, तुमची गैरसोय होईल. जवळच्या चांगल्या हॉटेलांची यादी पाठवते. तासाभरात पाठवलीसुद्धा. मनानं चांगली आहे.
तरी मला गोठ्यात जाऊन रडू आलं. उगाच. सा.बा. मागं आल्या. "त्यांच्या दोन खोल्या आसत्याल," म्हणाल्या. "आपल्याला मोठी वसरी हाय, म्हनून आपल्याला या म्हनायला सोपं जातं."
खरं आहे. पण आरोहीला काय सांगू?

२२ एप्रिल
शिवाला गाडी लागते. सराव म्हणून एसटीनं विंझरपर्यंत नेऊन आणला. जाताना एकदा, येताना दोनदा. माझं लुगडं, ह्यांचा खांदा आणि शेजारच्या आजींची पिशवी. आजी म्हणाल्या, "आसूंदे बाय, लेकराचंच हाय." ठाणं, नाशिक तसंही लांबच पडलं असतं.
आरोहीचे आजचे प्रश्न : शेरात कोंबड्या कुठं निजतात? शेरात कुणाला हाक मारायची झाली तर? त्यांच्या घरापुढं गड का न्हाई?

२५ एप्रिल
हे लॉजचे फोटो बघतायत. मी गप्प आहे. गप्प आहे म्हटल्यावर दोनदा चहा विचारला मला. स्वतः केला नाही, विचारला फक्त.

२७ एप्रिल
मी अभिप्रायाची वही परत फळीवर ठेवत होते तर मागची पानं उलटली गेली. पावणेदोन वर्षांपूर्वीचं पान. जेवणाबद्दल एक अक्षर नाही. एकच ओळ :
"बाळाचं नाव ठेवलंत की कळवा. मालती, कोल्हापूर." खाली नंबर.
आठवलं सगळं. म्हातारं जोडपं होतं, ती शाळेत शिकवायची. गड चढायला नव्हते आले, पायथ्यावरून बघायला आलेले. पाऊस होता. शिवा चाळीस दिवसांचा, मुठीएवढा. बारसं आम्ही लांबवलेलं. लोकांना सांगायचो पावसामुळं. खरं म्हणजे पोर तगतंय का नाही ही धाकधूक, आणि नाव ठेवायला कुणाची जीभ वळत नव्हती. त्या बाईनं स्वतःचं ताट विसळलं, शिवाची दुपटी चुलीवर धरून वाळवली, आणि काही विचारलं नाही. जाताना ही ओळ लिहिली.
आम्ही कळवलं नाही. बारसं झालं श्रावणात, पेढे वाटले, सगळ्या गावाला कळलं. तिला नाही कळलं. म्हणजे दोन वर्षं ती काय समजून बसली असेल?
सा.बा.ना सांगितलं. कपाळाला हात लावला त्यांनी. "आगं, आसं कसं इसरलो आपन?"

२८ एप्रिल
धीर करून फोन लावला. "मी पालीवरून बोलते, राजगडाच्या पायथ्याची…"   पुढं बोलायच्या आधी तिनं हळूच विचारलं, "नाव काय ठेवलंत?"
म्हटलं, "शिवांश. शिवा म्हणतो. आता पळतो. कोंबड्या धरतो."
ती रडत होती. मी पण. म्हणाली, "मी दहादा फोन हातात घेतला असेल. धाडस झालं नाही. काय ऐकायला मिळेल ते कळेना." मी माफी मागितली. म्हणाली, "माफी राहू दे. दाखवायला घेऊन ये त्याला. ह्यांना आता दिसत नाही फारसं, हात लावून बघतील."
मी काही मागितलं नव्हतं. जायचं ठरलंय हेसुद्धा सांगितलं नव्हतं.
आणि मग म्हणते, "पण एक सांगते. माझे गुडघे गेलेत, मी आता स्वयंपाक करत नाही. दोघांचा डबा येतो. तुझ्या हातची भाकरी मात्र मी विसरले नाही."

२९ एप्रिल
हे म्हणाले, "म्हंजे तिथंबी चूलच. लॉजवर चल, आयतं खाशील. मी सांगतोय ना." मनापासून म्हणाले, माझ्यासाठी. वाईट वाटलं उलट.
दिवसभर भांडी घासताना तेच. चौदा जणांनी या म्हटलं, तिथं जाता येत नाही. जिनं वहीत या म्हटलंच नव्हतं, ती वाट बघत बसली होती. आणि मला मेलीला ताट पाहिजे.

२ मे
कोल्हापूर. ठरलं. मीच ठरवलं. ह्यांना तालमी बघायच्यात, आरोहीला तळं, सा.बा.ना अंबाबाईची ओटी पाठवायचीय. त्या स्वतः येत नाहीत. "म्हस कोन बघंल? आन् तुमच्यात मी कशाला." शिवासाठी आवळासुपारी, चार पिशव्या, दोन टॉवेल. कोल्हापूरही लांबच, खंबाटकीच्या घाटात काय ते होईल.

९ मे
बांधाबांध. नाचणीचं पीठ पिशवीत घातलं. काढलं. परत घातलं. जाऊन पहिल्यांदा भाकरी थापायची म्हणजे मी पाहुणी कसली? आणि नाही थापली तर त्या बाईच्या घरी जाऊन मी करू काय? दोन वर्षं झोप उडवली तिची.
सा.बा. दारातून बघत होत्या. मला वाटलं, पीठ घेतलंस ते बरं केलंस म्हणतील. आत आल्या, पिठाची पिशवी उचलली आणि पार तळाला घातली. वर पोरांचे कपडे, त्याच्यावर टॉवेल.
"ने," म्हणाल्या. "पन तळाला असूंदे. गेल्या गेल्या काडू नगंस. आदी जरा बस. कोन काय म्हनतंय बग."
म्हटलं, "आणि कुणी काही म्हटलंच नाही तर?"
"तरी बस," म्हणाल्या.

१० मे, सकाळ
साडेसहाची एसटी. शिवा झोपलाय ह्यांच्या खांद्यावर. आरोही पहाटेपासून चपला घालून ओट्यावर बसलीय. आता म्हणाली, "आई, त्या आजीनं आपल्याला वळाकलं न्हाई तर?"
म्हटलं, ओळखतील. गाडीचा आवाज येतोय खालून. सा.बा. आमच्या हातावर दही ठेवतायत. ही लिहायची वही इथंच ठेवून जाते.