उभं फूल

६ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. पुढेमागे कुणी माझी पद्धत विचारली तर तारीखवार पुरावा हवा.

सकाळी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. मी या शाळेत मदतनीस आहे, तात्पुरता. पहिलीच्या तेवीस मुलांच्या बुटांच्या लेस बांधणे हे काम. आल्यावर एकदा, खेळघरातून निघताना एकदा (तिथे गाद्यांवर बूट चालत नाहीत), मैदानावरून आल्यावर आणि घरी जाताना. दिवसाला एकशे चौऱ्याऐंशी गाठी. मधल्या मधे सुटतात त्या वेगळ्या. त्या फार असतात.

मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांनी आपली लेस आपण बांधायला हवी, तुम्ही शिकवा. चोवीस तारखेला खेळांचा दिवस आहे, पालक येतील, त्यांनाही दिसू दे. सगळ्यांना आलं की तुमच्या जागेचा विचार करू.

जागेचा विचार. म्हणजे कायम. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. उतरताना जिन्यात माझीच लेस सुटली आणि शेवटची पायरी चुकली. लेस बदलायला हव्यात. हल्ली माल चांगला येत नाही.

घरी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, अरे, त्यांना आलं तर तू काय करणार तिथे? ताईला ऑफिसची भाषा कळत नाही. शाळा मीही नववीत सोडली, पण माझं वाचन आहे.

७ नोव्हेंबर, मंगळवार
तक्ता तयार. आठ पायऱ्या, दोन रंग, पट्टीने आखलेला. शीर्षक : बुटाची लेस, शास्त्रशुद्ध पद्धत. ‘शास्त्रशुद्ध’ दोन ठिकाणी तपासून घेतलं.

नियम एकच ठेवलाय. पहिल्या गाठीत उजवी लेस डावीवरून न्यायची, फूल करतानाही उजवी डावीवरून. दोन्ही वेळा तेच, म्हणजे गोंधळ नाही. यामुळे माझ्या गाठीचं फूल इतरांसारखं आडवं लोळत नाही. एक पाकळी बोटांकडे, एक घोट्याकडे. ताठ, शिपायासारखं उभं. हे मी सहाव्या वर्षी स्वतःचं स्वतः शोधलं. कुणी शिकवायला घरी नव्हतं.

ठरवलं : रोज दोन मुलं. अकरा-बारा दिवसांत विषय संपला.

८ नोव्हेंबर, बुधवार
शून्य मुलं.

तक्ता लावला. तेवीसपैकी चौघे तक्त्याकडे पाहत होते, बाकीचे तो लावायला मी ज्या स्टुलावर चढलो त्याकडे. एकाने शेजाऱ्याची लेस आपल्या लेसेला बांधली आणि दोघे उठले. दोघे पडले. रडणं सगळ्यांनी वाटून घेतलं.

एक मुलगा आहे, त्याला मी वकील म्हणतो. तो हात वर न करता विचारतो. आज विचारलं, तुमची सुटलीय, ती कितवी पायरी? मी खाली पाहिलं. सुटली होती. म्हटलं, ही जुनी लेस आहे. तो म्हणाला, आमचीही जुनीच आहे.

मला सर म्हणायचं असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लेसदादा म्हणतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार
शून्य. अकरा निरगाठी. तीन कात्रीने कापाव्या लागल्या. मावशी (वर्ग झाडतात, डबे उघडून देतात आणि नको तिथे उभ्या राहतात) म्हणाल्या, अरे बाबा, लेस बांधायला शिकवतोयस की दात काढतोयस? मी कात्री पुसून परत दिली. कात्री त्यांच्याकडूनच घ्यावी लागते.

मुलांची बोटं अजून पक्की झालेली नाहीत असं निदान केलं. उद्यापासून बोटांचे व्यायाम.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
बोटांचे व्यायाम बंद. चिमटे काढायला लागली.

१३ नोव्हेंबर, सोमवार
नव्या लेस घेतल्या, चपट्या. दुकानदार म्हणाला, या सुटत नाहीत. दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो तर डावी सुटली. परत जाऊन सांगितलं. तो माझ्या बुटांकडे पाहून म्हणाला, लेस बदलून देऊ शकतो, बाकीचं माझ्या हातात नाही. उद्धट माणूस. गोल लेस घेतल्या.

१५ नोव्हेंबर, बुधवार
आज एक गोष्ट घडली ती सविस्तर लिहितो.

वर्गात एक मुलगी आहे. कमी बोलते, रुमाल घडी घालून ठेवते, कुणी रडलं की आधी त्याचं नाक पुसते. मी तिला आजी म्हणतो. तिने आज न सांगता दोन्ही लेस बांधल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण फूल आडवं होतं. लोळलेलं. मी सोडलं आणि तक्त्याप्रमाणे उभं करायला लावलं.

तिने विचारलं, उभं कशाला? म्हटलं, उभंच असायला हवं. ती म्हणाली, माझे बाबा म्हणतात एकदा ही वरून न्यायची आणि दुसऱ्यांदा ती वरून. दोन्ही वेळा एकच वरून नेली तर गाठ रुसते. बाबा ट्रकवर माल बांधतात. मी म्हटलं, ट्रक वेगळा, बूट वेगळा. तिने माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. डॉक्टर रिपोर्ट पाहतात तसं.

सहा वर्षांची पोर. हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
चार मुलांना आलं. उभं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
अकरा. ओळीत उभी केली, बावीस फुलं एका दिशेला तोंड करून. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. आयुष्यात आपल्या हातून काहीतरी होतं ते असं. घंटा होईपर्यंत बरीच सुटली, पण सुटणं हा वेगळा विषय आहे. मी बांधायला शिकवतोय.

२० नोव्हेंबर, सोमवार
तेवीस.

आजीला तेवीसमध्ये धरलंय, पण तिचं प्रकरण सरळ नाही. मी समोर असलो की माझ्यासारखी बांधते, पाठ वळली की आपली. आज पकडलं. मैदानावर न सोडता भिंतीशी बसवलं. शेजारी वकील जाऊन बसला. म्हटलं, तुला कुणी बसायला सांगितलं? म्हणाला, हिला सोबत.

दुपारी ऑफिसात जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं, सगळ्यांना येतं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, खात्री आहे ना? मग चोवीस तारखेनंतर लगेच कळवते, मला वरही कळवावं लागेल. वरही. म्हणजे ऑर्डर वरून निघणार. ताईला सांगितलं. ताई वाढत राहिली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
उद्या. शर्टाला इस्त्री केली. लेसेलाही केली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी
सकाळी तेवीसच्या तेवीस मुलांनी पालकांसमोर बसून लेस बांधल्या. टाळ्या झाल्या. एका आईने मोबाइलवर काढून घेतलं. आजीचंही फूल उभं होतं, मी वाकून खात्री केली. इथपर्यंत सर्व माझ्या नियोजनाप्रमाणे झालं, हे नोंदवून ठेवतो.

नंतर शर्यत होती. समोरच्या झेंड्याला हात लावून परत यायचं.

शिट्टी झाली. बावीस मुलं पळाली. आजी पळाली नाही. ती रेघेवरच खाली बसली, दोन्ही लेस सोडल्या आणि आपल्या पद्धतीने बांधायला लागली. लोक ओरडत होते, अगं पळ. ती बांधत होती. तोवर बाकीची झेंड्यापर्यंत पोहोचली होती आणि तिथे त्यांच्या लेस सुटत होत्या. एकाची नाही, दोघांची नाही. एक बूट हवेत उडालेला मी स्वतः पाहिला. कुणी दुसऱ्याच्या लेसवर पाय दिला, कुणी आपल्याच. झेंडा पडला. मग आजी उठली, सगळ्यांना वळसा घालून झेंड्याच्या काठीला हात लावला आणि पहिली आली.

मी मदतीला धावलो. वाटेत माझी उजवी सुटली होती. बक्षिसांच्या टेबलाचा एक पाय मुळातच डगमगता होता.

मोबाइलवाल्या आईने तेही काढून घेतलं.

२५ नोव्हेंबर, शनिवार
कारणं शोधून ठेवली. गवत ओलं होतं. पालकांनी टाळ्या वाजवल्यामुळे मुलं गडबडली. शर्यत हा प्रकार या वयाला योग्य नाही. हनुवटीला पट्टी आहे.

२७ नोव्हेंबर, सोमवार
मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला. खेळघराबाहेर बाकावर बसून लिहिला, दीड पान, शुद्ध. लिहायला पाऊण तास लागला. आत शांतता होती. या मुलांची शांतता मला आवडत नाही म्हणून डोकावलो.

आजी गादीच्या कडेला बसली होती. समोर एकेक मूल येत होतं, पाय पुढे करून. ती बांधत नव्हती, सांगत होती. ही वरून. आता ती वरून. ओढ. रुसली? सोड. परत. वकील शेजारी उभा राहून रांग लावत होता. मावशी दारात झाडूवर हनुवटी टेकून बघत होत्या. मला म्हणाल्या, आत येऊ नकोस, सगळी लागलीत कामाला.

मुलं बाहेर आली तेव्हा तेवीस जोड्या, सगळी फुलं आडवी.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
परीक्षा घेतली. प्रत्येक लेस धरून हलवली. जिन्यावरून दोनदा वर-खाली करायला लावलं. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मावशी म्हणाल्या, आता पोरांना पाण्यात बुडवून बघ. एकही सुटली नाही.

पाया मी घातला होता, हे खरं. पायऱ्या एक ते चार तिने माझ्याच वापरल्या.

२९ नोव्हेंबर, बुधवार
आज पहिल्यांदा दिवसभरात शून्य गाठी बांधल्या. दारात उभा होतो. मुलं बसली, लेस बांधून उठली, गेली. एकदा खिशातून कात्री काढून परत ठेवली.

मोठ्या बाईंना कळवलं, काम पूर्ण. त्या येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, छान झालं, उद्या पत्र देते.

३० नोव्हेंबर, गुरुवार
पत्र मिळालं.

‘इयत्ता पहिलीतील विद्यार्थी स्वतः लेस बांधू लागल्याने मदतनीस या तात्पुरत्या जागेची आवश्यकता उरलेली नाही. १ डिसेंबर हा आपला कामाचा शेवटचा दिवस राहील. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

तीनदा तपासलं. एकही चूक नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार
तक्ता काढला. मागच्या बाजूला कुणीतरी माझं चित्र काढलंय. पाय मोठे, लेस दोन्हीकडे सापासारख्या लांब.

मावशींनी चहा दिला. त्या म्हणाल्या, ताईला काय सांगणार? म्हटलं, ताईला माहीत आहे.

घरी जायच्या घंटेला दारात उभा होतो. माझी डावी सुटलेली होती, पण आज वाकावंसं वाटलं नाही. वकील म्हणाला, लेसदादाची सुटली. सगळी थांबली. मग आजी दप्तर खाली ठेवून माझ्यासमोर बसली आणि मला काही न विचारता बांधायला लागली. आधी डावी. मग उजवी सोडून तीही नव्याने. बोटं इतकी लहान, पण ओढली तेव्हा पावलाला कळलं. उठून हात झटकले आणि म्हणाली, घट्ट झाली का? म्हटलं, नाही. वकिलाने विचारलं, सोमवारपासून तुम्ही कुणाच्या बांधणार?

मी म्हटलं, चला, रांग करा. रांग आधीच होती.

४ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८.१०
लेस सुटलेली नाही. शनिवारी जिने चढलो-उतरलो. काल बाजारापर्यंत पळत गेलो आणि पळत आलो. लोक पाहत होते. मी वाटेत दोनदा थांबून पाहिलं, फूल आडवं, जागच्या जागी.

बूट काढताना टाच दाबून काढतो. घालताना टाच आत जात नाही, त्याला ताईचा वाढायचा चमचा लागतो.

आज एक योजना केली होती. गाठ हळूहळू सोडायची, कशी बांधलीय ते उलट्या क्रमाने लिहून घ्यायचं आणि नवा तक्ता करायचा. वही उघडली, पट्टी घेतली, पाय खुर्चीवर ठेवला, एक टोक चिमटीत धरलं. बराच वेळ धरून बसलो.

ताई आतून विचारतेय, चमचा कुठे गेला, आणि जायचं कुठेच नाही तर बूट कशाला चढवलेस?

टोक सोडून दिलं. गाठ तशीच ठेवलीय. सुटली तर परत बांधणार कोण.