दगडफूल सहाशे ग्रॅम

३ एप्रिल, सकाळी ७
पुष्पा लेकीकडे धुळ्याला गेली. जाताना बजावलं, मसाल्याला हात लावू नका, मी आल्यावर करीन. म्हणजे बावीस वर्षं शाळेच्या लॅबमध्ये तराजू सांभाळलेल्या माणसाला घरातलं काही कळत नाही. यंदा वर्षाचा काळा मसाला मीच करणार. तिची यादी सापडली. धणे वीस वाट्या, दगडफूल चार वाट्या. अगदीच अडाणी पद्धत. सगळं ग्रॅममध्ये आणायचं.

४ एप्रिल
वाटी पाण्याने भरून वजन केलं. बरोबर दीडशे ग्रॅम. म्हणजे एक वाटी = १५० ग्रॅम. विषय संपला. तक्ता लॅमिनेट करून भिंतीवर लावला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला. सात अंगठे. खाली दोन ठिकाणी 'वा सर'. मी लॅब असिस्टंट होतो, पण लोक सर म्हणतात. दुरुस्त करत बसत नाही.

५ एप्रिल
किराणावाले रुपचंद म्हणाले, दगडफूल सहाशे? हॉटेल टाकताय का? मी हसलो नाही. पिशवी उशीएवढी फुगली. माल ताजा असणार.
चक्कीवर मुख्तारभाईंनी पिशवी दोनदा पाहिली. तक्ता दाखवला. त्यांनी चक्की सुरू केली.

७ एप्रिल
वांग्याची भाजी केली. जराशी कडू. नवा मसाला मुरावा लागतो.

८ एप्रिल
अजून मुरला नाही. दह्यासोबत ढकलली. पुष्पाचा फोन, मसाल्याला हात नाही ना लावला? रेंज नाही म्हणालो.

१० एप्रिल, सकाळी
समोरच्या लताबाई आल्या. नोकरदारांचे वीस डबे करतात. वर्षाचा मसाला माझ्या तक्त्यावरून केला. भाजी कडू म्हणून तिघांनी डबा बंद केला. त्या म्हणाल्या, सर, मनाच हात चुकना व्हई. दगडफूल डोळ्याला जास्त दिसत होतं, पण तुम्ही मोजलेलं म्हणून घातलं.
मी म्हणालो, असेल चुकला हात.
असं म्हणालो मी.

दुपारी
घनता आठवीला आहे. एकाच मापाचा लोखंडाचा आणि लाकडाचा ठोकळा, वजन वेगवेगळं, पोरांना मीच काढून द्यायचो. लाजेने जेवण गेलं नाही. ग्रुपवरून तक्ता काढला. उद्या लताबाईंना खरं सांगायचं. नक्की.

११ एप्रिल
गेलो होतो. कुलूप. त्या डबे पोचवायला जातात तीच वेळ निवडली होती, हेही लिहून ठेवतो.

१२ एप्रिल
लताबाईच आल्या, नवं सामान घेऊन. म्हणाल्या, सर, आता तुमच्यासमोर मोजते, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. नाही म्हणता येईना. वाटीभर दगडफूल काट्यावर ओतलं. नऊ ग्रॅम.
त्यांनी आकडा पाहिला. भिंतीवरचा तक्ता पाहिला. तो काढायचा राहिला होता. मी म्हणालो, चूक माझी. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यांनी सामान पिशवीत भरलं, वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातली.
येते भाऊ, म्हणाल्या.
आजवर सर म्हणायच्या.