पहिले दोन आटे

नाना, आज पाथर्डी फाट्यावर टायरवाल्याशी माझं भांडण झालं. पंक्चर काढून त्याने चाक चढवलं आणि नट तोंडाला लावतो न लावतो तोच हवेची गन उचलली. मी म्हटलं, आधी हाताने फिरव, पहिले दोन आटे नीट बसू देत, मग चालव तुझी गन. तो म्हणाला, मॅडम, आमचं रोजचंच काम आहे. मी म्हटलं, माझ्या वडिलांचंही रोजचंच होतं. शेवटी मीच उकिडवी बसले आणि सगळे नट हाताने लावले. उठताना गुडघे कुरकुरले, तो गालातल्या गालात हसला, आणि घरी येईपर्यंत तुम्ही काही डोक्यातून हलला नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण जुनं भांडण उकरून काढायची माझी खोड गेलेली नाही. म्हणून लिहायला बसलेय.

नाशिकला द्वारकेजवळचं आपलं गॅरेज. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची खंडेनवमी. पाने, पकडी, जॅक, सगळं रॉकेलने धुऊन तुम्ही पाटावर मांडलंय आणि पूजा माझ्यावर सोपवून झेंडू आणायला गेलायत. कोपऱ्यात एका फियाटचं इंजिन उघडं पडलंय, वर चादर. मला वाटलं, या बिचाऱ्याने कुणाचं काय घोडं मारलंय? चादर काढून त्यालाही हळद, कुंकू, अक्षता, सगळं सढळ हाताने वाहिलं. सण संपल्यावर तुम्ही ते इंजिन बंद करायला घेतलंत. एकेका बोल्टला तेलाचं बोट लावून हातानेच आत फिरवत होतात. सगळे सरळ उतरले, एक मात्र मध्येच अडला. दुसऱ्या कुणी पाना लावून दाबला असता. तुम्ही तो उलटा फिरवून बाहेर काढलात, आटे उजेडात धरून पाहिलेत, आणि तारेच्या टोकाला ग्रीस लावून ती भोकाच्या तळाशी घातलीत. तारेला चिकटून वर आला कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. आता आपली चांगली हजेरी घेतली जाणार म्हणून मी अंग चोरून उभी. पण तुम्ही दाणा तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलात.

"बोल्ट अडला की जोर नाय लावायचा," तुम्ही म्हणालात. "त्याचं काहीतरी म्हणणं असतं. उलटा घ्यायचा, बघायचं. जोर लावला की आटे जातात, मग माल कितीही चांगला असू दे."

आणि हेच तुम्ही, नाना, सटाण्याचं स्थळ आल्यावर सगळं विसरलात. याचा मला अजून राग येतो. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोह्यांच्या बश्या उचलल्या गेल्या, आणि मी आईकरवी एवढंच मागितलं, की मुलाशी एकदा बोलू द्या. तुम्ही म्हणालात, घराणं चांगलं आहे, कांद्याची आडत आहे, बोलण्यासारखं काय असतं, लग्न झालं की बसतं सगळं आपोआप. मी काय फार मागत होते? लग्नानंतर कळलं की त्यालाही लग्न करायचं नव्हतं, घरच्यांनी दामटून उभा केला होता. मारझोड नाही, शिव्या नाहीत. तो माझ्याशी बोलतच नसे. मी समोर असताना पाणी आईकडे मागायचा. दिवाळीला माहेरी येऊन मी हे सगळं रडून सांगितलं. तुम्ही हातातला पाना चिंधीने पुसत, मान खाली घालून म्हणालात, थोडा जोर लाव, बसेल. तुमच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझं रडणंच थांबलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने सटाण्याला परत गेले.

उन्हाळ्यात एका दुपारी तुम्ही न कळवता सटाण्याच्या दारात उभे राहिलात. अंगात गॅरेजचाच शर्ट, हात काळे. पोरीला न्यायला आलोय म्हणालात. सासूबाईंनी विचारलं, किती दिवसांसाठी. "कायमची," तुम्ही म्हणालात. त्या म्हणाल्या, "लोके काय म्हनतीन?" तुम्ही उंबऱ्यातून हलला नाहीत. मी लगेच पिशवी घेऊन बाहेर आले. तो ओसरीवर बसला होता. उठला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीत नेऊन ठेवली. त्याने माझ्यासाठी केलेलं ते एकच काम, पण मनापासून केलं.

देवळा गाव मागे पडलं. मग रस्त्याकडेच बघत सांगितलंत, "सकाळी एका मारुतीचा प्लग आडवा गेला माझ्याकडून. घाईत हाताने लावलाच नाय, थेट पाना घातला. आटे गेले." पिंपळगावला रसाच्या गाड्यावर थांबलो, तेव्हा ग्लास तसाच हातात धरून म्हणालात, "तुझंही मी तसंच केलं." माझा सगळा राग त्या क्षणी विरघळला असं लिहायला हवं खरं, पण तसं झालं नाही. रागही राहिला आणि मायाही दाटून आली. दोन्ही आजवर एकाच घरात नांदतात.

नातेवाइकांनी नावं ठेवली, आई धास्तावली, पण तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगायचात, मी स्वतः जाऊन आणली पोरीला. वर हेही, की लगेच तयार झाली, माझी वाटच बघत होती. मी आत चहा गाळत ऐकायची. तुम्ही शेवटच्या आजारपणात नर्सबाईंनाही तीच गोष्ट सांगितलीत, तेव्हाही मी उशाशीच होते.

हे पत्र तुमच्या पान्यांच्या पिशवीत ठेवून देईन, डिकीत. आता सांगायला हरकत नाही. मी तुमची वाट बघत नव्हते, नाना. माझी पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. त्या दुपारच्या एस.टी.ने मी निघणार होते मालेगावला, मैत्रिणीकडे. नाशिकला नाही. तुमच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं दिवाळीलाच ठरवून गेले होते. दारात तुमचे काळे हात दिसले, म्हणून घरी आले.