साखळी लावलेली निळी बॅग

धरमपेठ, नागपूर
१२ जुलै

ती. स्व. यमुताई,

केशवचा वाकून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघ्याचं तुला माहीतच आहे, जे करता येत नाही ते कागदावर तरी कशाला करायचं.) तुझी शुगर, मोतीबिंदूचा डोळा आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. यवतमाळला पाऊस बरा आहे असं कळलं. आम्ही ठीक आहोत. कुसुम स्वयंपाकघरात आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण ती स्वयंपाकघरात असली की तिला घरातलं सगळं ऐकू येतं, आणि म्हणूनच फोन न करता पत्र लिहायला बसलो आहे. आत्ताच तिने विचारलं, "काय लिहून राहिले एवढं?" मी म्हटलं, यमुताईला जर्मनीच्या रेल्वेची माहिती. ते खोटं नाही.

तू विचारलंस, पुढच्या महिन्यात अनिशकडे जाताना विमानतळापासून दोन तास रेल्वेने एकटी गेले तर चालेल का. माझं मत: नको. अनिशला सुट्टी नसेल तर त्याने रजा टाकावी, रजा मिळत नसेल तर आजारी पडावं. पोराने आईसाठी एवढं करावं. तू म्हणशील, "काहून गा, रेल्वेले काहून भिऊन राहिला?" तर ऐक. त्या स्टेशनात शिरताना आपल्याला कोणी अडवत नाही. फाटक नाही, प्लॅटफॉर्म तिकीट नाही, काळ्या कोटातला माणूस नाही. सरळ चालत जायचं आणि गाडीत बसायचं. मी इथे सदर भागातल्या ऑफिसात छत्तीस वर्षं बिलं तपासली आहेत. जिथे आधी कोणी काही तपासत नाही तिथे नंतर मोठी चौकशी लागते, हा माझा अनुभव आहे. शिवाय आरक्षण नसलं तरी बसता येतं. डब्याच्या दाराशी चार्ट लागत नाही. (मग आपलं नाव आहे की नाही हे माणसाला कळायचं कसं?) आणि शेजारचा प्रवासी कुठपर्यंत म्हणून विचारत नाही. गाव नाही, मुलंबाळं नाहीत, पेन्शन किती बसली तेही नाही. ज्यांना आपल्याबद्दल काहीच विचारायचं नसतं त्यांना ते आधीच ठाऊक असावं, असा माझा दाट संशय आहे. एका डब्यावर तर तोंडावर बोट ठेवलेलं चित्र होतं. गप्प बसायला वेगळा डबा! आणि माणसं खरोखर गप्प बसली होती. पैसे देऊन.

हे मी ऐकीव सांगत नाही. स्वतः भोगलं आहे, आणि ते सांगायचं तर निळ्या बॅगेचं सांगावंच लागेल.

एप्रिलात आम्ही जर्मनीला नूपुरकडे नातीच्या, उन्नतीच्या, बारशाला गेलो तेव्हा कुसुमने तिच्या आईचं पितळी पुरणयंत्र निळ्या बॅगेतून सोबत नेलं होतं. (तेच. तू एकदा न विचारता त्याचा दांडा फिरवलास आणि ती दोन दिवस बोलली नव्हती.) बारशाला चाळीस पोळ्या झाल्या. तुझ्या सुनेने, हिमानीने त्या खाल्ल्या आणि तिलाही पुरण करून पाहायची हौस आली. कुसुमने आयुष्यात पहिल्यांदा ते यंत्र दुसऱ्या घरी द्यायचं कबूल केलं. अट एकच, महालक्ष्म्यांच्या आधी नागपूरला परत. पोचवायचं काम मी घेतलं. नूपुर म्हणाली, "बाबा, रविवारी आम्ही कारने नेऊन देऊ ना." मी म्हटलं, नागपूर-वर्धा मी तुझ्या जन्माच्या आधीपासून करतो आहे.

तिकीट तिथे फोनवर येतं. मी त्याच्या तीन छापील प्रती काढून घेतल्या, प्रत्येकीला आधारची झेरॉक्स जोडून. डब्यात चढल्यावर पहिलं काम केलं ते तू, मी, आपले बाबा, सगळ्यांनी जन्मभर केलं तेच. साखळी काढली, बॅग सामानाच्या दांड्याला बांधली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि साखळीची नि बॅगेची, दोन्ही किल्ल्या जानव्याला अडकवल्या. समोर एक बाई बसली होती. तिची बॅग मोकळी, चालत्या गाडीत इकडून तिकडे घरंगळत होती, आणि ती संशयाने माझ्याकडे पाहत होती!

तासभर गेला. तिकीट पाहायला कोणी फिरकलं नाही. आपल्याकडे कसं, टीसीने पेनाने खूण केली की माणूस सुटतो, बूट काढून बसतो. न तपासलेलं तिकीट खिशात घेऊन मला घाम फुटला. एका जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली (इटारसीसारखी, पण चहा नाही) आणि पुढच्या डब्याशी गणवेशातली एक बाई दिसली. मी उतरलो, गुडघ्याची पर्वा न करता धावलो, तिच्या मागोमाग पुढच्या डब्यात चढलो आणि तिकीट समोर धरलं. तेवढ्यात गाडी हलली. तिने कागद नीट वाचला, आधारचा फोटो पाहिला, हसली आणि इंग्रजीत म्हणाली की तिकीट बरोबर आहे, गाडी चुकीची आहे. मी म्हटलं, मॅडम, मी याच गाडीतून उतरलो! तर ताई, तिथे वाटेत गाडीचे दोन तुकडे करतात. पुढचा तुकडा एका गावाला, मागचा दुसऱ्या. मागच्या काचेतून पाहिलं तर माझा डबा प्लॅटफॉर्मवरच उभा होता आणि लहान लहान होत चालला होता. बॅग बरोबर गाडीत होती. चुकीच्या गाडीत मी होतो.

पुढचं अनिशने पाहिलं. (तुला त्याने सांगितलं नसेल, मी शपथ घातली आहे.) बॅग त्याच्या स्टेशनवर मिनिटाच्या मिनिटाला पोचली. मालक नाही, साखळीने जखडलेली, वर पांढऱ्या रंगात देवनागरीत नाव-पत्ता. त्यांनी प्रवासी उतरवले, पट्ट्या बांधल्या, पोलिस आले, एक कुत्राही आला. एक्स-रेच्या यंत्रातून आत पाहिलं तेव्हा पितळेची नळी, फिरवायचा दांडा आणि भोकाभोकांची चकती दिसली. असं काही दिसल्यावर कुठल्याही देशाचे पोलिस दोन पावलं मागे सरतील. अनिश पट्टीपलीकडून ओरडून सांगत होता, हे डाळ वाटायचं आहे. त्यांनी विचारलं, शिजलेली डाळ परत कशाला वाटायची? ते त्याला सांगता येईना, कारण त्याने घरी कधी पुरण वाटलेलंच नाही. (हा दोष तुझ्याकडे जातो.)

शेवटी साखळी कापली (चांगली साखळी होती) आणि बॅग हरवलेल्या सामानाच्या कचेरीत जमा केली. मालकाने यावं, किल्लीने उघडून दाखवावी, घेऊन जावी. मी गेलो नाही, पुढच्या स्टेशनवरून परतीची गाडी धरून नूपुरकडेच आलो. कुत्र्याने हुंगलेली बॅग आपली आहे असं पोलिसांपुढे कोण लिहून देईल? चार दिवसांनी आमचं विमान होतं. कुसुमला सांगितलं, यंत्र हिमानीकडे सुखरूप आहे. ती नुसतं "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आणि नूपुर उन्नतीला घेऊन चॉकलेटं आणायला म्हणून सकाळीच गेल्या आणि दिवेलागणीला रिकाम्या हातांनी आल्या. दुकानं बंद होती म्हणे. मला तेवढीच दिवसभर शांतता मिळाली.

आता आठवड्यापासून तिचं एकच चालू आहे, "यमुताई चालल्याच आहेत, येताना माझं यंत्र घेऊन येतील." ती तुला फोन करणार, तू हिमानीला विचारणार, आणि हिमानी कोणी विचारलं की खोटं बोलत नाही. (गुणी मुलगी आहे, पण अशा वेळी उपयोगाची नाही.) ताई, बेचाळीस वर्षांत कुसुमने मला घर सोपवलं, माहेरची माणसं सोपवली, पण ते यंत्र सोपवलं ते पहिल्यांदा. हरवलं याचं तिला वाईट वाटेलच. मी तीन महिने तिच्या तोंडावर खोटं सांगितलं याचं किती वाटेल, तो विचार करवत नाही.

असो. तिथल्या रेल्वेपासून जपून राहा. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावरचा पत्ता कुसुमच लिहील. घाबरू नकोस, पाकीट मी आधी डिंकाने बंद करूनच तिच्या हाती देणार आहे.

तुझा धाकटा,
केशव

ता. क. रेल्वेने जाऊ नकोस हे वर लिहिलं आहे ते रद्द समज. सामानाची कचेरी अनिशच्या स्टेशनातच आहे, म्हणजे तुला रेल्वेनेच उतरणं सोयीचं. मागच्या तुकड्यात बस. मधे उतरू नकोस. तिकीट दाखवायला कोणाच्या मागे जाऊ नकोस. अनिश म्हणतो, बॅग अजून जपून ठेवली आहे. तीन महिने परक्याची बॅग का जपतात कळत नाही, म्हणून लवकर सोडव.

ता. क. २. बॅगेची किल्ली खाली चिकटपट्टीने लावली आहे. सोबत माझं अधिकारपत्र, नोटरीच्या शिक्क्यासह. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक.

ता. क. ३. यमुताई, नमस्कार. मी कुसुम. ह्यांनी डिंक लावला खरा, पण त्या बाटलीत दिवाळीपासून नुसतं पाणी आहे. पाकीट माझ्या हाती उघडंच आलं. हिमानीने मला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नूपुर आणि मी रेल्वेने जाऊन बॅग पाहून आलो, नीट ठेवली आहे. किल्ली मागत होते. किल्ली ह्यांच्या जानव्याला. मागितली असती तर मला ठाऊक आहे हे कळलं असतं, आणि मला ते ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून थांबले. शेवटी सांगितलं, पण तुम्हाला. ह्यांनी घाईत सायकलची किल्ली चिकटवली होती, बॅगेची टेबलावरच राहिली होती, मी बदलून ती लावली आहे. रेल्वेने बिनधास्त जा. आमचं तिकीट जाताना आणि येताना दोन्ही वेळा तपासलं. फक्त मला कळल्याचं ह्यांना सांगू नका. रोज चहाच्या वेळी मी विचारते, "हिमानी यंत्र नीट ठेवून राहिली ना हो?" आणि हे फार मन लावून वर्णन करतात. काल तर ती ते चिंचेने घासते म्हणाले. महालक्ष्म्यांपर्यंत ऐकायचं आहे मला.