हंसाबाईचा दाखला

झरी,
गुरुवार, ३० मे १९६३

चि. हंसाबाई हिस पुंडलिकरावाचा येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा उन्हाळ्यात कमी दुखतो, पाऊस लागला की पुन्हा सुरू होईल. तू लावलेल्या शेवग्याला यंदा शेंगा आल्या. अर्ध्याच्या वर त्यांनी शेजारी वाटल्या. शाळेला सुट्टी आहे. प्रार्थनामंदिराच्या छपराचे कवेलू फेरून घेतले, त्या कामात उत्तराला उशीर झाला.

असंच सगळं मी आधी एका कार्डावर लिहिलं होतं. ते कार्ड फाडलं. कवेलू दोन दिवसांत फेरून झाले होते. तुझं पत्र दहा तारखेला आलं आणि वीस दिवस झाले, ते टेबलाच्या खणात आहे. रोज शाई काढायला खण उघडतो आणि ते बाजूला सारतो.

तू चारच ओळी लिहिल्यास. दवाखान्यात आयाचं काम करतेस, मेट्रनबाई तुला नर्सच्या शिक्षणासाठी घ्यायला तयार आहेत. त्यासाठी तुझी चालचलणूक चांगली आहे आणि तुझं नाव मंडळीत आहे असा आपल्या मंडळीचा दाखला आठ जूनच्या आत हवा. "तुमच्याच हातचा दाखला लागतो, म्हणून तुम्हाला त्रास देते," एवढंच लिहिलंस. तक्रारीचा एक शब्द नाही. तक्रार असती तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

दाखला लिहायला मला पाच मिनिटं पुरतात. मंडळीने वडील म्हणून निवडलं तेव्हापासून चौदा वर्षं मीच लिहितो. पण मंडळीची वही उघडली की नोव्हेंबर १९६१ च्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "हंसाबाई सिलास ही दारू पिऊन उपासनेस आली. सबब तिचे नाव प्रभुभोजनातून कमी केले." ही नोंद असताना चांगला दाखला दिला तर तो खोटा होईल. नोंद खोडायची तर मंडळीसमोर कारण सांगावं लागेल. ते कारण तिघांना माहीत होतं. आता दोघांना आहे, तुला आणि मला.

पाळकसाहेब महिन्याच्या शेवटच्या रविवारी वणीहून येतात. मधल्या रविवारी आम्हा वडिलांपैकी कोणीतरी बोलतो. या रविवारी माझी पाळी आहे. शास्त्रातल्या माणसांवर ओळीने बोलणं चालू आहे आणि माझ्या वाट्याला एली याजक आला आहे. विषय मी निवडलेला नाही. निवडायचा असता तर हा नसता निवडला.

शनिवार, १ जून

परवा अर्धंच लिहून ठेवलं. दोन दिवस एलीवर टिपण काढतो आहे. मुलांना शिकवतो तशी सवय, आधी गोष्ट लिहितो आणि मग बोध.

गोष्ट तुला ठाऊक आहे. शिलोच्या मंदिरात एली म्हातारा याजक होता. मूल नसलेली एक बाई तिथे येऊन मुकाट्याने रडत प्रार्थना करत होती. तिचे ओठ हालत होते, आवाज येत नव्हता. एलीला वाटलं ती पिऊन आली आहे, आणि तो तिला रागावला. ती म्हणाली, मी प्यालेली नाही, माझं मन दुखलेलं आहे. तेव्हा त्याने आपला शब्द तिथल्या तिथे मागे घेतला आणि तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. मी बोध लिहिला: माणसाने चुकू नये, पण चुकलं तर एलीसारखं लगेच कबूल करावं. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बैलाला पाणी दाखवून आलो. बैलाला तहान नव्हती.

दुसरा भाग त्याच्या मुलांचा. दोघेही याजक. लोक देवासाठी आणत त्यातलं चांगलं ते आधी आपल्यासाठी काढून घेत आणि मंदिरात नको ते करत. एलीच्या कानावर सगळं येत होतं. तो त्यांना बोललाही. मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आलो की एली आपल्या लेकरांना काही बोललाच नाही. परवा नीट वाचलं. तो बोलला होता. पण त्यांच्या हातातलं काम त्याने काढून घेतलं नाही. बोलणं वेगळं आणि हात धरणं वेगळं. परक्या बाईला त्याने एका क्षणात बोल लावला, आणि घरच्यांना शेवटपर्यंत नुसतं समजावत राहिला.

मीही माझ्या मुलाला, सिलासला, बोलत होतो. तू ऐकलं आहेस. मंदिराची किल्ली आणि घंटेची दोरी मात्र त्याच्याकडेच ठेवली. रविवारच्या शाळेतली मुलं त्याच्याचकडे ठेवली. ते काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं.

आज सकाळी तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अन् हे तुमाले माईत होतं? मले कायले नाही सांगतलं?"

मी म्हणालो, "उद्या मंडळीत सांगणार आहे."

"मेलेल्या लेकराची अब्रू कायले काहाडता? तो आता उलटून बोलाले येते का?"

"हंसा जिवंत आहे, भागीरथा. तिलाही उलटून बोलता आलं नाही."

त्या उठून आत गेल्या. दुपारी माझं ताट वाढून ठेवलं. वणीच्या पाथरवटाकडे सिलासचा दगड घडवायला दिला आहे. त्यावर नाव, सन आणि "विश्वासू सेवक" असं कोरायचं ठरलं होतं. आज मी निरोप पाठवला की फक्त नाव आणि सन कोरा. तो निरोपही त्यांनी ऐकला.

आता जे टाळत आलो ते लिहितो. तुला ते माहीत आहे. पण मला ते माहीत आहे असं मी तुला एकदाही म्हटलेलं नाही, म्हणून लिहितो.

त्या रविवारी उजाडताना सिलास गोठ्याच्या दाराशी पडलेला होता. तू पायाकडून धरलंस, मी खांद्याकडून. उचलताना तो तुझ्या पदरावर ओकला. मोहाची दारू होती. त्याच पदराने तू त्याचं तोंड पुसलंस. तुझ्या सासूबाई त्या दिवशी माहेरी होत्या. तुझं दुसरं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं, ओलंच होतं. पहिली घंटा मीच जाऊन दिली. परत आलो तर तू पदर बादलीत बुडवत होतीस. मी म्हणालो, "चल लवकर. आपल्याच घरचं माणूस उशिरा आलं तर लोक काय म्हणतील?" शुक्रवारपासून तुझा उपास होता. कोणासाठी होता तेही मला माहीत होतं.

उपासनेत तू गुडघे टेकून होतीस. ओठ हालत होते, अंग झुलत होतं. प्रभुभोजन वाटायच्या आधी रुखमाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मास्तर, तुमची सून झुलून राह्यली. वास येते तिचा. तांड्यावरची आदत जात नाही वाटते." कोणीतरी हसलं. तुझे वडील रूपसिंग तांड्याचे नाईक, त्यांनी उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही, हेही मला माहीत होतं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य बोलायचं होतं की वास तिच्या पदराचा आहे आणि तो कसा आला ते मी सांगतो. मी म्हणालो, "बाहेर जा. उतरल्यावर ये."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ही बोलेल. तू बोलली असतीस तर मी काय केलं असतं ते अजून मला सांगता येत नाही. बहुतेक तुला खोटं पाडलं असतं. तू उठून गेलीस. दारातल्या चपलाही पायात घातल्या नाहीस.

एलीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. टिपणात हा बोध कुठे बसवायचा ते दोन दिवस मला समजत नव्हतं.

पुढचंही लिहितो. जानेवारीत सिलासला राजूरकडच्या कोळशाच्या खाणीत काम मिळत होतं. तिथेही दाखला लागत होता. मी लिहिला, "सुस्वभावी व निर्व्यसनी आहे." त्याच पेनाने. निघायच्या दिवशी तू पदर पुढे ओढून मला म्हणालीस, "मामाजी, त्यायले खाणीत नका धाडू. इथं तुमच्या नजरंपुढं तं कमी पेतात." मी म्हणालो, "आता तू मला शिकवू नकोस." मला तो नजरेपुढे नको होता, हंसाबाई. दूर गेला की लोकांना दिसणार नाही, एवढंच मी पाहिलं.

जुलैमध्ये तो कामावर पिऊन गेला आणि रुळावरून येणाऱ्या कोळशाच्या भरल्या डब्यांच्या वाटेत आला. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही, ही देवाची दया. त्याला इथे आणलं. मंदिरात पेटी ठेवून प्रार्थना झाली तेव्हा तू बाहेर पायरीवर उभी होतीस, कारण वहीत तुझं नाव नव्हतं. तुझ्याच नवऱ्याची माती. मी आतून तुला पाहत होतो. दार माझ्यापासून आठ पावलांवर होतं.

रविवार, २ जून, दुपार

झालं.

सकाळी घंटा मीच दिली. तुझ्या सासूबाई येतील असं वाटलं नव्हतं. त्या दुसऱ्या गीताला आल्या आणि बायकांच्या ओळीत, तू गुडघे टेकायचीस त्या खांबाजवळ बसल्या.

मी एलीची गोष्ट सांगितली. टिपण हातात होतं. बाईची गोष्ट आली तेव्हा टिपण मिटलं आणि वर तुला लिहिलं आहे तेच सांगितलं. गोठा, पदर, बादली, घंटा. राजूरचा दाखलाही. बोलायला दहा मिनिटं लागली असतील. सिलासचं नाव घेताना दोनदा थांबलो, पण घेतलं.

मग रामराव उठले, मंडळीचे दुसरे वडील. म्हणाले, "मास्तर, पोरगा गेल्यावर तुमाले खरं बोलाची आठोन आली?"

मी म्हणालो, "हो."

"तो असता तं बोलले असते?"

"नाही."

ते म्हणाले, "नोंद खोडाची असंल तं पाळकसाहेब येऊ द्या. महिना-अखेरीले पाहू. एवढी काय घाई?"

मी म्हणालो, "महिनाअखेरीस तिची जागा गेलेली असेल. आठ तारखेच्या आत कागद पोचला पाहिजे. साहेबांना मी वेगळं कळवतो. ते मला जी शिक्षा देतील ती घेईन."

"नियम तुमीच केले अन् तुमीच मोडता काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला वाटलं, आता हे इथेच राहणार. तेवढ्यात रुखमाबाई उठल्या. रडत नव्हत्या, रागात होत्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "वास मले आलता, म्हणून मी बोलली. तो तोंडाचा का लुगड्याचा, हे मी पाह्यलं नाही. माहं चुकलं. पण तुमी तं पाह्यलं होतं ना, मास्तर? दीड वर्स तुमी माह्या तोंडानं खोटं बोलले." मग रामरावांकडे वळून म्हणाल्या, "आना ती वही. बाहेर काहाडाले पाळकसाहेब लागले नव्हते, तं आत घ्याले कायले लागते? माहा अंगठा घ्या."

वही आणली. जुनी नोंद मी खोडली नाही, वाचता यावी म्हणून तशीच ठेवली. तिच्याखाली लिहिलं: "वरील नोंद खोटी आहे. ती खोटी आहे हे लिहिणाऱ्यास लिहितानाच माहीत होते. हंसाबाई प्यालेली नव्हती. तिचे नाव मंडळीत होते व आहे." खाली माझी सही, रुखमाबाईंचा अंगठा, आणि थोड्या वेळाने रामरावांची सही.

मंदिराची किल्ली मी टेबलावर ठेवली. मला थांबवायला कोणी पुढे आलं नाही, आणि ते बरं झालं.

घरी येताना तुझ्या सासूबाई दोन पावलं मागून चालत होत्या. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "तिच्या चपला मी ठेवल्या हायेत. कोठीत हायेत, फडक्यात बांधून." दीड वर्षात मला हे माहीत नव्हतं. त्या चपला उद्या पार्सलाने पाठवा म्हणाल्या. मी म्हणालो, आधी तिला विचारतो. म्हणून विचारतो.

दाखला सोबत आहे. त्यात मी तुझी जास्त स्तुती केलेली नाही. मेट्रनबाईंना खरी वाटावी एवढीच ओळ आहे: "हिने दुसऱ्याची लाज स्वतःवर घेतली आणि कोणाला सांगितले नाही. आजाऱ्याचे काम हिच्या हाती निर्धास्त द्यावे." ही ओळ रामरावांना वाचून दाखवली, मगच खाली त्यांची सही घेतली, कारण आता माझी एकट्याची सही पुरेशी नाही. उद्या सकाळच्या मोटारीने मी स्वतः वणीला जाऊन रजिस्टर टाकतो, म्हणजे वेळेत पोचेल.

शिलोचा तो म्हातारा शेवटी रस्त्याच्या कडेला बसून लढाईच्या बातमीची वाट पाहत होता. मीही पाहीन, पण उत्तर लिही असं म्हणत नाही. नर्स झालीस की कोणाकडून कळेलच.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी "तुझा मामाजी" लिहीत आलो. त्या रविवारी तुला दाराबाहेर पाठवलं तेव्हा ते सासऱ्याचं नातंही मीच बाहेर घातलं. ते परत लिहायचं की नाही हे तू ठरवशील. तोवर नुसतं नाव.

पुंडलिकराव