हा ताणा उतरू दे

बाबा,

माग रिकामा आहे. दुसरं काही लिहिण्याआधी हे लिहून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. सातवीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं, आणि मनात एका वेळी दहा काळज्या. आताही वाटत होतं की मागच्या दाराची कडी लागली नसेल, रेशमाच्या कोशांच्या पोत्याला उंदीर लागला असेल. कडी दोनदा पाहून आलो. लागलेली आहे.

तुम्ही गेल्यापासून आपल्या गल्लीत मागांचा आवाज कमी कमी होत गेला. लोकांनी पाय सोडून बसायचे मागाचे खड्डे बुजवले, वर फरशी बसवली, मागाची लाकडं कोणी पावसाळ्यात चुलीत घातली. आता अख्ख्या सावली गावात खड्ड्याचा माग म्हणजे आपला. तुमचा नातू कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागला. सून मात्र लेकराला घेऊन इथेच राहिली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकलेली आहे, मला मामाजी म्हणते, आणि गल्लीतल्या बायकांना जमवून आपल्याच ओसरीवर कोशाचं सूत काढून घेते. बायका मांडीवर सूत वळतात, ती मोबाईलवर त्याचे फोटो काढून कुठे कुठे पाठवते. मी विणतो. त्या फोटोंमुळेच यंदा दिवाळीनंतर आफ्रिकेतून एक बाई आपल्या घरी आली.

देशाचं नाव घाना. ती कपड्यांचे नमुने काढते, पण गिरणीचं कापड वापरत नाही. तिच्या देशात खेड्यातले विणकर आणि रंगारी आहेत, त्यांच्याबरोबर बसून ती कापड बनवते. आपला कोसा जंगलातल्या ऐनाच्या झाडावरून येतो आणि बायकांच्या मांडीवर वळला जातो, हे तिला फार आवडलं. नागपूरची एक मुलगी तिचं बोलणं मराठीत करून सांगायला होती. मी आठ दिवस आधीपासून घाबरलो होतो. बसायला खुर्ची धड नाही, भाजीत तिखट किती घालायचं, लाईट गेली तर काय. ती आली आणि सरळ ओसरीवर बायकांत मांडी घालून बसली. हाताने भात खाल्ला. तिखट तिच्यापेक्षा नागपूरच्या मुलीलाच लागलं.

तिला पट्ट्या हव्या होत्या. तिच्या देशात विणकर चार बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी विणतात आणि मग पट्टीला पट्टी शिवून कापड करतात. अंगातला झगा दाखवत तिने सांगितलं की यात कात्री जवळजवळ लागत नाही, चिंध्या निघत नाहीत, आणि कपडा जुना झाला की शिवण उसवून त्याच पट्ट्यांतून पोरासाठी दुसरं काही करता येतं. मी म्हटलं, आपण साडीच्या रुंदीचं विणू आणि मग कापून पट्ट्या करू. मुलीने ते तिला सांगितलं. ती हसली नाही. कापडाची कड बोटात धरून तिने मला दाखवली, जशी तुम्ही दाखवायचे. कापलेली कड सुटते. प्रत्येक पट्टीला तिचे स्वतःचे दोन काठ हवेत. हे मला कळायला पाहिजे होतं.

म्हणजे धागे ओवायची फणी वेगळी आणि धागे वरखाली करणाऱ्या वह्याही वेगळ्या. म्हणजे मागावर जे आहे ते काढायचं.

इथे मी अडकलो. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण स्वतःला समजावून सांगतो. आपण माग कधी उघडा ठेवला नाही. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला, वीतभर उरला, की तिथे थांबायचं आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक टोकाला वळून जोडायचा. अजून डोळ्यासमोर आहे, तुम्ही आणि मी समोरासमोर बसलो आहोत, मध्ये राखेची वाटी आहे. तुम्ही बोट राखेत बुडवता, दोन टोकं धरता, एक पीळ देता, पुढचं धरता. माझा पीळ सुटतो. तुम्ही न पाहता म्हणता, "दारात पाहू नको, बोटात पाह्य." सगळे धागे जोडून झाले की जुन्याला ओढत ओढत नवा फणीतून येतो. असा धाग्याला धागा. माझ्या आज्याने जोडलेल्याला तुम्ही जोडलं, तुमच्याला मी. माग उघडा पडला की घर उघडं पडते, असं तुम्ही म्हणायचे, आणि गल्लीतली घरं खरंच तशी उघडी पडली.

आणखी एक आहे. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिपायाची जागा होती, आपल्या शाळेतल्या मास्तरांनी शब्द टाकला होता, आणि मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हटलं नाही. तुम्ही मला कधीच नाही म्हटलं नाही. म्हणाले, "जाय ना. कोण अडवते? हा ताणा उतरू दे, मग जाय." मी विणत राहिलो, आणि तो वीतभर उरला तेव्हा तुम्ही राखेची वाटी घेऊन बसले. मी समोर बसलो. दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हाही तेच. मग ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि मी विचारणं सोडलं. तुम्ही गेले तेव्हा मागावर अर्धी साडी होती. अर्धी साडी टाकून कोणी उठत नाही, म्हणून ती मी पूर्ण केली, आणि पूर्ण होण्याआधी पुढचा ताणा जोडला. त्या वेळी अडवायला कोणीही नव्हतं.

सुनेने मला जबरदस्ती केली नाही. तिने एवढंच सांगितलं, भाजी निवडत, माझ्याकडे न पाहता, "मामाजी, हे काम झालं तं बायकायले वर्षभर सूत काढाले भेटल, तुमच्या बी हाताले काम राहील. नाई झालं तं ते बाई दुसरं गाव पाह्यल. मंग मी बी कोरपन्याले जातो. लेकरू बापाबिगर किती दिस राह्यल? तुम्हाले बी चालाच लागल, एकटं इथी कसं सोडू?" कोरपन्याचं ते घर मी पाहिलं आहे. दोन खोल्या, खिडकीच्या गजावर पांढरी धूळ, आणि बाहेर ट्रक. तिथे माग जात नाही. म्हणजे ताणा कापला नाही तर माग सुटतो, आणि माग ठेवायचा तर ताणा कापायचा. मी दोन्हीकडून पाहिलं, कुठे फट सापडली नाही.

मग मी वेळ काढला. मागावरची साडी उतरू दे, मग पाहू, असं मी सांगितलं. तोंडातून निघालं आणि मलाच ऐकू आलं. मी हळू विणू लागलो. चांगली वीण उसवली, पुन्हा विणली. आरमोरीच्या जंगलातून कोसा आणणारी बाई पोतं टेकवून दारात बसली आणि मला पाहत राहिली. म्हणाली, "काऊन भाऊ, साडी विणून राह्यले का दळण दळून राह्यले? कालच्यापेक्षा आज कमीच दिसते." ओसरीवरच्या बायका हसल्या. सून नाही हसली. मी म्हटलं, सूत तुटून राह्यलं. कोसावाली म्हणाली, "माहा कोसा नाई तुटत. तुमचं मन तुटून राह्यलं असंल." तिला घरातला ताप ठाऊक नव्हता, तरी बरोबर तिथेच बोलली.

पाहुणी मात्र थांबली होती. बायकांबरोबर पळसाच्या वाळवलेल्या फुलांचा पिवळा आणि हिरडा नि गंजलेल्या खिळ्यांचा काळा रंग काढत होती. एक दिवस ती मागाजवळ आली आणि मला खड्ड्यातून उठवून स्वतः बसली. तिचे पाय लांब, गुडघे फळीला लागले. तिने धोटा एकदा नीट फेकला, दुसऱ्यांदा खाली पडला. मग तिथे बसूनच तिने दाराकडे पाहिलं आणि नागपूरच्या मुलीमार्फत विचारलं, "इथून तुम्हाला काय दिसतं?" मी म्हटलं, पाय दिसतात. खड्ड्यातून दारातले पायच दिसतात, माणूस वर कुठेतरी असतो. गल्लीतला कोण चालला ते मी पायावरून सांगू शकतो. हे ऐकून ती खड्ड्यातून वर आली.

त्यानंतर तिने मोबाईलवर तिच्या गावचा विणकर दाखवला. उघड्या गल्लीत, झाडाखाली बसलेला. त्याचा ताणा समोर खूप लांब जमिनीवरून गेलेला, आणि टोकाला बांधलेला एक दगड. तो विणतो तसा दगड मातीवरून सरकत त्याच्याकडे येतो. लोक जातात, बकऱ्या जातात, तो त्यांच्याशी बोलतो, सगळे अख्खे दिसतात. मी विचारलं, "दगड पायाशी आला की?" पाहुणी म्हणाली, झालं. "मंग टोकाचं काय करते?" कापतो, ती म्हणाली. माग सोडून खांद्यावर घेतो आणि घरी जातो. पुन्हा वाटलं की पुन्हा मांडतो. मी विचारलं की त्याचा बापही विणकर होता का. ती म्हणाली, बाप, आजा, सगळे. मला खरं वाटलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा हो सांगितलं.

चारपाच दिवसांनी साडी उतरली. वीतभर उरलं. सून राखेची वाटी कुठे ठेवली आहे ते पाहत होती, बहुतेक मला ती लागू नये म्हणून. मी कात्री मागितली. ती म्हणाली, "मी कापू का जी?" मी नको म्हटलं. पाहुणी ओसरीवरून उठून आत आली आणि पायातली चप्पल काढून उभी राहिली. मी डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत कापलं. कोसा सुती कापडासारखा फाटत नाही, तो कात्रीखाली कचकचतो. उरलेली टोकं फणीतून ओढून काढली. माझ्या आज्याचं, तुमचं, माझं, सगळं मिळून एक मूठ झालं. पाहुणीने ती दोन्ही हातांत घेतली आणि विचारलं की ही एका पट्टीच्या शिवणीला वापरू का. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर त्याचं दुसरं काय करायचं तेही मला माहीत नव्हतं.

पाहुणी गेली. नवी फणी यायला काही दिवस लागणार आहेत, तोपर्यंत माग असाच. पहिल्या सकाळी मला वाटलं, आता ताणा उतरला, आता जाता येतं. सुनेला सांगितलं की गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, आणि जीपमध्ये बसून ब्रह्मपुरीला गेलो. डॉक्टरकडे गेलो नाही. कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. आत पोरापोरींच्या गाड्या, कडुनिंबाखाली स्टुलावर एक शिपाई, माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "कोणाले भेटाचं हाय, बाबाजी?" मी म्हटलं, कोणाले नाई. "मंग बसा ना सावलीत," तो म्हणाला आणि स्टूल सरकवून दिलं. मी बसलो. जरा वेळ बसलो. तिथे माझ्या हाताला काही नव्हतं, पायाखाली काही नव्हतं, आणि घरी कडी लावली की नाही ते आठवेना. पुढच्या जीपने परत आलो आणि खड्ड्यात जाऊन बसलो. रिकाम्या मागावर. पाय खालच्या पावड्यांवर ठेवले, विणताना दाबतो तसे. काल बसलो, आजही बसलो होतो.

सुनेला वाटतं मी तुमच्यासाठी बसतो. ताणा कापल्याचं दुःख झालं असं ती सगळ्यांना सांगते. पण बाबा, कापताना मला हलकं वाटलं होतं. हे तिला सांगितलेलं नाही, आणि हे कागदही घरात ठेवता येणार नाहीत, कारण तिला वाचता येतं. उद्या सुताची कांजी शिजवताना चुलीत घालीन. आज दुपारी ती खड्ड्याच्या काठाशी बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडा जी मामाजी, रडलं की मोकळं वाटते." मला रडू येत नव्हतं. पण तिचा हात पाठीवर होता, म्हणून मी मान खाली घातली आणि तसाच बसून राहिलो.